रूप जीपचे, अंग मोटारीचे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. चिकोडीकडच्या नातेवाइकांच्या घरचे बारसे आटोपून आम्ही बेळगावला परत निघालो होतो. गाडीत माणसे सात. स्टेअरिंगवर चिरंजीव, शेजारी आमचे यजमान, मधल्या रांगेत सासूबाई, मी आणि चुलत सासरे तात्या, मागे धाकटे दीर आणि धारवाडच्या माहेरच्या आमच्या जाऊबाई. गाडी नवी, उंच, तीन रांगांची. घेऊन जेमतेम चार महिने झाले होते.

जवळचा रस्ता वेदगंगेवरच्या बुटक्या पुलावरून जातो. आपल्या भागातल्या वाचकांना असे पूल नव्याने सांगायला नकोत. उन्हाळ्यात बंधारा, हिवाळ्यात रस्ता आणि श्रावणात नदी! आम्ही पोचलो तेव्हा पुलावरून पाणी चालले होते. कडेचे दगड अर्धे बुडालेले. अलीकडे चार-पाच मोटारसायकली थांबलेल्या.

चिरंजीव म्हणाले, "पप्पा, जाऊया की. आपली एसयूव्ही आहे. खालून दोनशे मिलिमीटर उंच आहे."

यजमान गप्प. म्हणजे त्यांचाही विचार तसाच चालला होता. तेवढ्यात तात्या पुढे वाकले. एका साखर कारखान्याच्या शेती खात्याची जीप त्यांनी बावीस वर्षे चालवली आहे. गिअरच्या आजूबाजूला नजर फिरवत त्यांनी विचारले, "थांब गा बाळ. हिला दुसरा दांडा कुठं हाय?"

"कसला दुसरा दांडा, आजोबा?"

"चारी चाकांचा. मागच्या चाकांना ओढ हाय, का नुसती पुढच्यांना?"

गाडीतल्या एकालाही उत्तर देता आले नाही. लाखो रुपये मोजून घेतलेल्या गाडीला इंजिन कुठल्या चाकांनी ओढते, हेच आम्हाला ठाऊक नव्हते! एवढ्यात बैलजोडी घेऊन थांबलेल्या एका आजीबाईंनी काचेवर टकटक केले. "होगब्याड्री, नीर भाळ अद." जाऊबाई मागून म्हणाल्या, "आता मराठीतून पण सांगायला पाहिजे काय?"

आम्ही गाडी वळवली. महामार्गाच्या पुलावरून फिरून घरी पोचायला दीड तास उशीर झाला. वळताना रस्त्याच्या कडेला आमच्यासारखीच एक उंच, रुबाबदार गाडी दिसली. बॉनेट उघडे, इंजिन बंद. पाण्यात मध्येच बंद पडलेली ती गाडी ट्रॅक्टरने ओढून काढली होती. मालक दगडावर बसून फोनवर विम्याची चौकशी करत होते.

तात्यांचा तो प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. पुढचे काही दिवस मी त्याचे उत्तर शोधत बसले. जे कळले ते केवळ आमच्या गाडीपुरते नव्हते. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जीप नावाचे एक रांगडे वाहन हळूहळू घरातली मोटार कसे झाले, त्याची ती कहाणी आहे. अशी उंच गाडी आज आपल्यापैकी अनेकांच्या दारात उभी आहे, म्हणून ती इथे सांगते.

शिडीवर ठेवलेला डबा

जीपचा जन्म युद्धासाठी झाला. १९४० साली अमेरिकी लष्कराला हलके, चारी चाकांना ओढ असलेले, चिखलातून आणि खड्ड्यातून जाणारे वाहन हवे होते. बॅन्टम, विलिस आणि फोर्ड या कंपन्यांच्या खटपटीतून जीप आकाराला आली आणि दुसऱ्या महायुद्धात अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनल्या. युद्ध संपले तरी जीपचे काम संपले नाही. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीपची जोडणी सुरू केली आणि जीप आपल्या देशाची झाली.

आपल्याकडे ती कोणाकडे होती, ते आठवून पाहा. बेळगावच्या कॅम्पात लष्कराकडे, खानापूरच्या रानात वनखात्याकडे, उसाच्या फडावर साखर कारखान्याकडे. पुढे त्याच घराण्यातल्या लांबलचक गाड्या वडापला लागल्या. आठ जणांच्या जागेत पंधरा जण, टपावर दोन पोती आणि मागच्या पायरीवर लोंबकळणारा किन्नर! ते प्रवास आपण सर्वांनी केलेले आहेत.

या साऱ्या गाड्यांची बांधणी एका तऱ्हेची होती. खाली जाड पोलादाच्या दोन लांब पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, म्हणजे अगदी जमिनीवर आडवी ठेवलेली शिडी. इंजिन, चाके, पाटे सारे त्या शिडीला जोडायचे आणि माणसांचा डबा वरून ठेवून बोल्ट आवळायचे. हीच ती लॅडर चासी. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे दगडावर असले तरी पीळ शिडी सोसते. ओझे ओढायला, मार खायला ही बांधणी उत्तम. पत्रा चेपला तरी गाडी चालत राहते.

तात्यांच्या दुसऱ्या दांड्याचेही ऐका. नेहमीच्या रस्त्यावर जीप मागच्या दोन चाकांवर चालायची. चिखल आला की हा दांडा टाकायचा, मग पुढच्या चाकांनाही ओढ मिळायची. आणखी एक घर पुढे गेले की 'लो' गिअर लागायचा. वेग अगदी कमी, पण ताकद दुप्पट. पावसात उसाच्या फडातून ट्रॉली बाहेर काढायची तर हाच दांडा कामाला यायचा. "इंजिन ओरडत नव्हतं, कण्हत होतं, पण निघत होतं," असे तात्या सांगतात.

आणि लोखंडी ट्रंक

घरगुती मोटारींची बांधणी वेगळी. तिच्यात शिडी नसते. आपल्या आजीच्या काळातली लोखंडी ट्रंक आठवा. तिचा नुसता पत्रा हाताने वाकतो. पण तोच पत्रा कडा दुमडून, कोपरे जोडून पेटी केली की तिच्यावर दोन माणसे बसली तरी ढिम्म हलत नाही. सारे बळ आकारात असते. मोटारीचा तळ, खांब, छप्पर एकत्र जोडून अशीच एकसंध पेटी करतात. तिला मोनोकॉक म्हणतात. वजन कमी होते, तळ खाली आणता येतो, चढणे-उतरणे सोपे होते आणि गाडी वळणावर झुलत नाही.

क्रॉसओव्हर म्हणजे या दोन घराण्यांचा संकर. अंग मोटारीचे आणि वरून रूप जीपचे. उंच बैठक, रुंद नाक, मोठी चाके, दाराखाली काळ्या प्लास्टिकची पट्टी. १९९४ साली जपानच्या टोयोटाने आरएव्ही-फोर ही गाडी अशाच मोटारीच्या अंगावर बांधली आणि पाठोपाठ होंडाची सीआर-व्ही आली. या गाड्या शहरातल्या कुटुंबांना आवडल्या.

अमेरिकेत या बदलाला एक दुःखद किनारही होती. तिथे फोर्ड एक्सप्लोरर ही शिडीवरची उंच गाडी नव्वदच्या दशकात घराघरांत पोचली होती. पण उंच आणि जड गाडीचा तोल वरच्या बाजूला असतो. भरधाव वेगात टायर फाटला की ती कोलांटी खाते. अशा अपघातांनंतर ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. या प्रकरणात अडीचशेहून अधिक मृत्यूंची नोंद झाली. दोष टायरचा की गाडीचा, यावर दोन्ही कंपन्यांत जोरात वाद झाला. मुलांना शाळेत सोडायला जीपचा सांगाडा कशाला, हा प्रश्न मात्र तिथल्या लोकांना पडला. पुढे २०११ च्या नमुन्यात एक्सप्लोररने शिडी सोडून मोटारीचे अंग धरले.

सफारी बदलली ती अशी

आपल्याकडे हा प्रवास कसा झाला, ते एकाच नावावरून कळते. ते नाव म्हणजे सफारी.

टाटांनी १९९१ मध्ये सिएरा आणली, १९९४ मध्ये सुमो आणि १९९८ मध्ये सफारी. तिन्ही शिडीवरच्या. सफारीत ऐसपैस बैठक होती, वातानुकूलन होते आणि हवी असल्यास चारी चाकांची ओढही मिळत होती. पुढाऱ्यांच्या ताफ्यात ती दिसू लागली, तशी घरोघरच्या मुलांच्या वहीच्या पुठ्ठ्यावरही दिसू लागली. २००० मध्ये बोलेरो आणि २००२ मध्ये स्कॉर्पिओ आली. त्याही शिडीवरच. म्हणजे त्या काळात उंच गाडी घेतली की आतून जीप मिळणार, हे ठरलेलेच होते.

हे गणित २०११ पासून बदलले. महिंद्रची एक्सयूव्ही ५०० ही मोनोकॉक अंगाची आणि पुढच्या चाकांना ओढ असलेली गाडी त्या वर्षी आली. २०१२ मध्ये डस्टर, २०१३ मध्ये इकोस्पोर्ट, २०१५ मध्ये क्रेटा, २०१६ मध्ये ब्रेझा. साऱ्या मोटारीच्या अंगाच्या. जुनी सफारी २०१९ मध्ये थांबली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच नावाने नवी सफारी आली. ती मोनोकॉक आहे, सात जणांना नेते आणि इंजिनाची ओढ फक्त पुढच्या चाकांना देते. तिची बांधणी लँड रोव्हरच्या एका सांगाड्यावरून घेतलेली आहे, कारण लँड रोव्हर २००८ पासून टाटांकडेच आहे.

नाव तेच, उंची तशीच, पण जात वेगळी. सिएराचेही तेच झाले. जुन्या सिएराला तीनच दारे होती. मागे बसायचे तर पुढची बैठक दुमडून आत शिरावे लागे. लुगडे नेसलेल्या बाईने ते कसे करावे, याचा विचार करणाऱ्याने केलाच नव्हता! नोव्हेंबर २०२५ मध्ये सिएरा हे नाव परत आले ते पाच दारे घेऊन, घरच्या मोटारीच्या अंगाने.

सरकारनेही एसयूव्हीची व्याख्या कशी केली ते पाहण्यासारखे आहे. २०१३ च्या अर्थसंकल्पात अशा गाड्यांवर जादा अबकारी कर बसला. तेव्हा एसयूव्ही ओळखायची खूण काय ठरली? लांबी चार मीटरहून जास्त, इंजिन १५०० सीसीहून मोठे आणि जमिनीपासून तळ १७० मिलिमीटर किंवा त्याहून उंच. चारी चाकांना ओढ आहे का, याचा त्या व्याख्येत उल्लेखच नव्हता. उंच तेवढी एसयूव्ही, असे कायद्यानेच म्हटल्यावर आपण वेगळे काय समजणार?

सासूबाईंचा गुडघा काय सांगतो

जुनी जीप गेली म्हणून हळहळणाऱ्यांत पुरुषमंडळी जास्त असतात, असे माझे निरीक्षण आहे. आमच्या सासूबाईंना विचाराल तर त्या वेगळेच सांगतील. यजमानांकडे आधी एक शिडीवरची जुनी गाडी होती. तिच्यात चढायला सासूबाईंना लाकडी पाट लागायचा. गुडघे दुखू लागले तसे त्यांनी बाहेर पडणेच सोडले. सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जायचे निघाले की "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते," हे ठरलेले उत्तर. आम्हाला वाटायचे, त्यांना उत्साह राहिला नाही. नवी गाडी आली आणि पाटाशिवाय बसता येऊ लागले, तेव्हा कळले की उत्साह होता, पायरी उंच होती. यंदा त्या सौंदत्तीला जाऊन आल्या आणि धारवाडला जाऊबाईंच्या माहेरीही चार दिवस राहून आल्या.

दुसरी गोष्ट घाटाची. चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या वळणांवर जुन्या गाडीत मुलांना गाडी लागायची. पिशव्या आणि लिंबू बरोबर ठेवावे लागे. त्यालाही कारण बांधणीचेच. शिडीवरचा उंच डबा वळणावर झुलतो. मोटारीच्या अंगाची गाडी कमी झुलते. वजन कमी म्हणून तेलही कमी पिते.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने धडक देऊन पाहिलेल्या गाड्यांत एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला एकही तारा मिळाला नाही. २०२३ मध्ये नव्या सफारीला पाच तारे मिळाले. पण म्हणून शिडीलाच नावे ठेवू नयेत. २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एन या नव्या गाडीला पाच तारे मिळाले आणि २०२४ मध्ये भारत एनकॅपच्या चाचणीत पाच दारांच्या थार रॉक्सलाही पाच. या दोन्ही गाड्या शिडीवरच्याच आहेत. चांगली रचना, चांगले पोलाद आणि एअरबॅग यांवर तारे ठरतात. बांधणी कोणतीही असो, चाचणीचा निकाल पाहूनच गाडी घ्यावी.

म्हणजे उलटी वाटही आहे. मोटार जीपसारखी झाली, तशी जीपही मोटारीसारखी होत आहे. थार २०१० मध्ये आली तेव्हा रानावनात जाणाऱ्यांची होती. २०२० मध्ये तिला नवे रूप मिळाले. जानेवारी २०२३ मध्ये फक्त मागच्या चाकांना ओढ असलेली स्वस्त थार आली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पाच दारांची. मारुतीची जिप्सी १९८५ पासून लष्करात आणि रानात राबली. तिच्या घराण्यातली जिम्नी २०२३ मध्ये भारतात आली, तीही पाच दारे घेऊनच. तिने मात्र शिडी आणि चारी चाकांची ओढ दोन्ही राखली.

काय मिळाले आणि काय गेले

मग गेले काय? तर दुसरा दांडा गेला. बहुतेक क्रॉसओव्हर गाड्यांत ओढ पुढच्या दोनच चाकांना असते. ती चाके ओल्या शाडूत रुतली की मागची चाके नुसती पाहत राहतात.

दांड्याच्या जागी पुष्कळ गाड्यांत एक गोल बटण आले आहे. त्यावर डोंगर, पाऊस, खड्डे अशी चित्रे असतात. आमच्या गाडीतही ते आहे आणि आम्हाला वाटायचे, पावसाचे चित्र लावले की गाडीत काही तरी जादा ताकद येते. तसे नाही. दोन चाकांच्या गाडीत ते बटण इंजिनाचा जोर आणि ब्रेक जरा जपून वापरायला सांगते, म्हणजे चाक घसरत नाही. निसरड्या रस्त्यावर त्याचा खरोखरच उपयोग होतो. पण ते दोनाची चार चाके करत नाही.

याचा अर्थ मोनोकॉक म्हणजे नाजूक, असाही घेऊ नये. लँड रोव्हरची जुनी डिफेंडर २०१६ मध्ये बंद झाली. २०२० मध्ये नवी आली तेव्हा तिने शिडी सोडली आणि जुने चाहते नाराज झाले. पण चारी चाकांची ओढ आणि लो गिअर तिने ठेवले. जुनी डिफेंडर अर्धा मीटर पाण्यातून जाऊ शके, नवी हवेवर उचलणाऱ्या सस्पेन्शनसह ९० सेंटिमीटरपर्यंत जाते. विजेच्या गाड्यांत तर शिडीही नाही आणि दांडाही नाही, तरी चारी चाके ओढू शकतात. जून २०२५ मध्ये आलेल्या हॅरियर ईव्हीच्या वरच्या नमुन्यात पुढे एक आणि मागे एक अशा दोन मोटारी आहेत. तेव्हा मुद्दा जुन्या-नव्याचा नाही. आपल्या दारातल्या गाडीत नेमके काय आहे, हे आपल्याला माहीत असण्याचा आहे.

पाण्याचा हिशेब

आता त्या पुलाकडे परत येऊ. तिथे आम्ही गेलो असतो तर काय झाले असते? मी कागद-पेन्सिल घेऊन साधा हिशेब केला, तो तुम्हीही करून पाहा.

आमच्यासारख्या गाडीच्या तळाचा पसारा, चाकांच्या जागा सोडल्या, तर सहा-सात चौरस मीटर भरतो. तळाच्या वर १० सेंटिमीटर पाणी चढले की गाडी सहाशे-सातशे लिटर पाणी बाजूला सारते. शाळेत शिकलेला आर्किमिडीजचा नियम आठवा. जेवढे पाणी सारले तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका भार पाणी उचलते, म्हणजे सहाशे-सातशे किलो. गाडीचे वजन पावणेदोन टन धरा. तळाच्या वर पाणी २० सेंटिमीटर चढले तर बाराशे-चौदाशे किलो भार पाण्याने पेलला. टायरवर उरला पाव भाग आणि आत बसलेली माणसे. तळ मुळात जमिनीपासून २० सेंटिमीटर उंच, त्यावर हे २०. म्हणजे पाणी गुडघ्याच्याही खालीच आहे! एवढ्या हलक्या झालेल्या गाडीला वाहते पाणी बाजूने ढकलू लागले की ब्रेक आणि स्टेअरिंग दोन्हींचे काही चालत नाही.

अमेरिकेचे हवामान खाते आपल्या लोकांना हेच सांगते. वाहते पाणी ३० सेंटिमीटर खोल असले तर बहुतेक छोट्या मोटारी वाहून जाऊ शकतात आणि ६० सेंटिमीटर असले तर एसयूव्हीसुद्धा.

गंमत अशी की इथे नव्या गाडीचा चांगुलपणाच अंगाशी येतो. तिची दारे रबराने घट्ट बसतात, धूळ आणि आवाज आत येत नाही. म्हणून पाणीही लगेच आत येत नाही आणि गाडी होडीसारखी उचलली जाते. जुन्या उघड्या जीपमध्ये पाणी सरळ आत शिरायचे, पाय भिजायचे, पण चाके जमिनीला धरून राहायची. तरीही तात्यांनी वाहत्या पाण्यात जीप कधी घातली नाही. "दांडा चिखलासाठी असतोय, पुरासाठी न्हवं," हे त्यांचे वाक्य चिरंजीवांनी आता पाठ केले आहे.

कुळे येथून दूधसागरला जाणाऱ्या जीप पाहून अनेकांना स्फुरण चढते. त्या गाड्या ओढ्यांतून पार होतात हे खरे. पण ते चालक रोज तीच वाट चालवतात, ओढ्याचा तळ त्यांना ठाऊक असतो आणि ऐन पावसाळ्यात त्या फेऱ्या बंद असतात. जे त्यांनी पावसाळ्यात टाळायचे, ते आपण भरल्या घराला घेऊन करायचे काय?

रस्त्याच्या कडेला बसलेल्या त्या गृहस्थांच्या गाडीचे काय झाले असावे, तेही सांगते. इंजिनाला हवा लागते. ती घेण्याच्या नळीतून पाणी आत गेले तर दट्ट्याला ते दाबता येत नाही, कारण पाणी दबत नाही. मग आतला दांडा वाकतो किंवा मोडतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला की नुकसान आणखी वाढते. अशा वेळी किल्लीला हात लावू नये, माणसे आधी बाहेर काढावीत. साध्या विम्यात हे इंजिनाचे नुकसान बहुधा धरत नाहीत. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' नावाची वेगळी भर घ्यावी लागते. आपली पॉलिसी आजच काढून बघावी.

घेण्याआधी विचारावे असे काही

गाडी घ्यायला शोरूममध्ये गेलो की आपण रंग, पडदा, छपराची काच पाहतो. आम्हीही तेच केले. आता कोणी विचारले तर मी चार प्रश्न सांगते.

ओढ कोणत्या चाकांना आहे? एकाच नावाच्या गाडीत हे नमुन्यानुसार बदलते. थार रॉक्समध्ये चारी चाकांची ओढ फक्त डिझेल गाडीत मिळते. तेव्हा नावावर जाऊ नये, नमुना विचारावा.

गाडी किती खोल पाण्यातून जाऊ शकते? हा आकडा माहितीपुस्तकात पाहावा. तो सापडला तरी तो साचलेल्या, संथ पाण्याचा असतो, वाहत्या नदीचा नव्हे.

घरातले सर्वांत वयस्क माणूस आणि सर्वांत लहान मूल तिच्यात कसे चढते? दोघांनाही शोरूमला घेऊन जावे आणि तिसऱ्या रांगेत बसवून पाहावे. ते न पाहता घेतलेली मोठी गाडी अर्धी रिकामीच फिरते.

चौथा प्रश्न स्वतःला विचारायचा. आपला रस्ता कोणता? वर्षातले तीनशे दिवस शाळा, बाजार, ऑफिस आणि सणासुदीला हुबळी-कोल्हापूर-गोवा असेल तर मोटारीच्या अंगाची गाडी उत्तम. जांबोटी-कणकुंबीच्या आत शेत आहे आणि पावसातही जावे लागते, तर खऱ्या चार चाकांच्या ओढीची गाडी घ्यावी, मग ती थोडी हादरली आणि तेल जास्त प्याली तरी चालेल. आपण मराठीत अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतो, कन्नडमध्ये 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु' म्हणतात. दोन्ही भाषांच्या आजीबाईंनी सांगून ठेवलेली ही गोष्ट खिशापुरती नाही. गाडीचे अंथरूण किती, हे पाहूनच तिला रस्त्यावर पसरायला सांगावे.

आमच्या गाडीचे उत्तर एव्हाना मिळाले होते. ओढ फक्त पुढच्या चाकांना. यजमानांचा चेहरा जरा पडला. "फसलो काय आपण?" असे त्यांनी विचारले, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "फसलास कशानं? मला सौंदत्ती दाखवली तिनं. नदी बघायची असेल तर काठावरनं बघूया."

चिरंजीवांनी मात्र एक काम केले. गाडीच्या पुढच्या काचेवर, मालकाला दिसेल अशा आतल्या बाजूला, त्यांनी एक छोटी चिठ्ठी चिकटवली आहे. वरची ओळ मराठीत, 'ओढ पुढच्या दोन चाकांना.' खालची कन्नडमध्ये, त्या बैलवाल्या आजीबाईंची, 'नीर भाळ अद, होगब्याड्री.' तात्यांनी ती वाचली आणि एवढेच म्हणाले, "आता गाडी तुझी झाली गा."